वाट मिळवून देणारा कॅमेरा

आक्का,

परवा मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केली. वापरा नाहीतर राहू द्या, पण महिन्यातून एकदा चार्ज करायचीच, नाहीतर ती मरते, असं दुकानदारानं बजावलं होतं. तेव्हा तुम्ही हसला होतात. "म्हंजे म्हशीगतच की गं. दूध देऊ दे न्हायतर न्हाय, वैरण घालायचीच." तुम्हाला जाऊन महिना होत आला. वैरण घालायचं काम आता माझ्याकडं आहे.

तुम्ही गेल्यावर घरात माणसांची रीघ लागली होती. येणारा जो तो एकच बोलून गेला, घरची अन्नपूर्णा गेली. शंभर माणसांचा स्वयंपाक एकटी उचलायची, पण कपाळाला कधी आठी नाही, असं म्हणत लोक चहा पीत होते आणि तो चहा मी करत होते. तुम्ही असतात तर आतूनच ओरडला असतात, "आठी हुती, पर चुलीकडं तोंड केल्यावर दिसणार कुणाला?"

मी तुमची धाकटी जाऊ. तुम्ही मला तू म्हणायचात, मी तुम्हाला तुम्ही, आणि भांडताना सुद्धा त्यात बदल झाला नाही. मी सकाळी डबा घेऊन बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या ऑफिसात जायची, तुम्ही शेतात. संध्याकाळी दोघी परसातल्या चुलीपाशी, आणि दारात सासूबाई, आपल्या आत्याबाई. आपल्यात जे काही बोलणं झालं ते भाकरी थापता थापताच झालं, आणि कॅमेऱ्याचा विषयही तिथंच निघाला.

आपल्या गावची लक्ष्मीची जत्रा दरवर्षी भरत नाही. दोन जत्रांच्या मधे इतकी वर्षं जातात की मागच्या जत्रेतली नवी नवरी या जत्रेत सासू झालेली असते. मागच्या वेळी तुम्ही निपाणीकडच्या माहेरातून नुकत्याच आला होतात. मी तर या घरात आलेच नव्हते. देवीला उचलून होन्नाट खेळतात, म्हणजे नाचवत, उडवत गल्लीगल्लीतून नेतात आणि भंडाऱ्यानं सगळं आभाळ पिवळं होतं, हे मी ऐकून होते. मला वाटलं, तुम्ही तरी ते डोळ्यांनी बघितलं असेल. एकदा विचारलं, "आक्का, कशी असते हो जत्रा?"

तुम्ही भाकरी उलटली आणि म्हणालात, "मला काय ठावं? मी आतच हुते. पावणं जेवायला यायचे ते डोक्यापासनं पायापतोर पिवळे हून यायचे. पंगतीवर पंगत. माझी जत्रा म्हंजे पिवळी माणसं जेवायला बसलेली."

मी हसले, तुम्हीही हसलात. मग तुम्ही पुढचा गोळा थापायला घेतलात. यंदाच्या जत्रेला अजून वर्ष होतं.

पुढच्याच महिन्यात तुमच्या भाचीचं लग्न होतं निपाणीला. तिथून परत आलात ते नवरीबद्दल चकार शब्द न बोलता. तुमच्या डोक्यात फोटो काढणारी पोरगी होती. "पोरगी हुती गं, माझ्या स्वातीएवढी. गळ्यात हे एवढा काळा कॅमेरा. स्टेजवर बापय माणसांच्या मधनं सरळ गेली. तिला कुणी म्हनलं न्हाय, बाजूला हो. नवऱ्याचा मामाच बाजूला झाला! भटजीला म्हणती, एक मिनिट थांबा. भटजी थांबला." आणि मग खालच्या आवाजात, इकडंतिकडं बघून, "फोटोवाल्याला कुणी इचारतंय व्हय, घरात सैपाक कोण करतंय म्हणून?"

लोक कॅमेरा घेतात ते आठवणी जपायला, नाहीतर हौस म्हणून. चुलीपासून सुटका म्हणून कॅमेरा घेणारी बाई मी तरी दुसरी बघितलेली नाही. तुमचा हिशेब साधा होता. जत्रेत होन्नाटाच्या पुढं उभं राहायचं, आणि हातात कॅमेरा असल्याशिवाय ती जागा बाईमाणसाला मिळत नाही.

मी शिकलेली, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी, म्हणून संशोधनाचं काम माझ्याकडं आलं. मी दुपारच्या सुट्टीत मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघू लागले. नवशिक्यानं पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, या विषयावर देशातली निम्मी माणसं बोलत असतात. त्यातून माझं मत बनलं. पहिलं वर्ष मोबाईलवरच शिकावं, कारण चौकट आणि उजेड कळायला तो पुरतो. घ्यायचाच झाला तर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला छोटा, हलका कॅमेरा घ्यावा, त्याचा मागचा पडदा बाहेर वळणारा असावा, म्हणजे हात वर करूनही काय दिसतंय ते कळतं. व्हिडिओ काढताना तो चेहऱ्यावर फोकस धरून ठेवतो, आणि वेगळा माईक जोडायलाही जागा असते. सगळं मुद्देसूद होतं. मी तुम्हाला समजावून सांगितलं.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मोबाईल हातात बघितला की आत्याबाई काय म्हणत्यात? ठेव ते आणि कणीक मळ. म्हंजे मोबाईल झाला बाद. आणि तू म्हणतीस ते छोटं, ते बघून कोण वाट सोडंल?"

"आक्का, कॅमेरा फोटोसाठी घेतात, वाट सोडण्यासाठी नाही."

"आदी हुबं ऱ्हायला जागा नको? मग फोटो."

या दोन वाक्यांवर आपण कॅमेरा घेण्याआधीही भांडलो आणि घेतल्यावरही.

दुकानातला दिवस मला आयुष्यभर पुरेल. बेळगावात गणपत गल्लीच्या मागं ते दुकान. काउंटरवरचा माणूस कन्नड बोलणारा, आणि कन्नड तुम्हाला माझ्यापेक्षा बरं यायचं, म्हणून तुम्ही एकदम फॉर्मात. मी सेन्सर, लेन्स असे शब्द जपून जपून वापरत होते. तुम्ही त्याला पहिलाच प्रश्न टाकलात, ह्याला भंडारा चालतो का? तो इथलाच, त्यामुळं त्याला भंडारा समजावून सांगावा लागला नाही. तो गंभीर झाला. "आगल्ल आक्का," म्हणजे चालणार नाही. प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, पुढच्या काचेपुरतं भोक ठेवायचं, आणि काही झालं तरी जत्रेत लेन्स काढायची नाही. मी बघितलेल्या सगळ्या व्हिडिओंत हे कुणी सांगितलं नव्हतं, हे मला मान्य करावं लागलं.

मग त्यानं काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक माझ्या पसंतीचा छोटा, एक जुन्या पद्धतीचा आरशाचा, थोराड, वापरलेला पण चांगला ठेवलेला, पुढं मोठी लेन्स आणि तिच्यावर ऊन अडवणारी झापड. तुम्ही दोन्हीतून काही बघितलंही नाही. छोटा गळ्यात अडकवलात आणि सरळ दुकानाबाहेर गेलात. काउंटरवरचा माणूस, "ओ आक्का, ओ आक्का," करत मागं. बाजारचा दिवस, गल्ली भरलेली. तुम्ही गर्दीतून कोपऱ्यापर्यंत गेलात आणि परत आलात. एका बाईची पिशवी लागली, एका स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला. तुम्ही कॅमेरा काढून माझ्या हातात दिलात, "बघ."

मग मोठा गळ्यात. तोच रस्ता. आक्का, खोटं कशाला बोलू, मी डोळ्यांनी बघितलं. हातगाडीवाल्यानं गाडी मागं ओढली. एक गृहस्थ बोलता बोलता भिंतीला चिकटून उभे राहिले, फोटोत येऊ नये म्हणून. कोथिंबीर विकणाऱ्या बाईनं पदर सारखा केला आणि तुमच्याकडं बघून हसली. तुम्ही नुसत्या चालत होतात, लेन्सचं झाकणही काढलेलं नव्हतं.

तोच घेतला. मी येताना बसमध्ये सांबऱ्याच्या विमानतळापर्यंत तुमच्याशी बोलले नाही. याचा पडदा वळत नाही, व्हिडिओ काढताना फोकस चाचपडत बसतो आणि लेन्सची मोटर कुरकुर करते ती आवाजात येते, हे सगळं मी आधीच सांगितलं होतं. तुम्ही मांडीवर डबा धरून खिडकीबाहेर बघत होतात. आपल्या थांब्यापाशी उतरताना म्हणालात, "कुरकुर तुझ्यापेक्षा कमीच करील."

खंडेनवमीला विळा, खुरपी, कोयता, भावजींचा पॉवर टिलर, माझी स्कूटर अशी सगळी पूजेला मांडली, त्यात कॅमेराही. पूजा करताना तुम्ही कुंकवाचं बोट सरळ लेन्सवर टेकवलंत. मी ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "डोळा तिथंच हाय न्हवं? मग कुंकू कुठं लावायचं, पाठीला?" आणि वर हळदीची चिमूट सोडलीत. काच मी नंतर मऊ फडक्यानं पुसली, पण हळदकुंकवाचे कण लेन्सच्या फिरत्या कड्यात गेले ते गेलेच. तेव्हापासून झूम फिरवला की कर्र असा आवाज येतो. मी आठवडाभर धुमसत होते. तुम्ही म्हणालात, "जत्रेत भंडारा लागणारच हाय. आत्तापासनं सवय झाली म्हणायची."

शिकलात मात्र पटकन. सावकाश हलणाऱ्या गोष्टीसाठी म्हैस, जोरात जाणाऱ्या गोष्टीसाठी सांबऱ्याला उतरणारी विमानं, आणि अजिबात न हलणाऱ्या गोष्टीसाठी भावजी. शटरचा वेग म्हणजे काय ते मी चार प्रकारे सांगून बघितलं. शेवटी तुम्हीच मला समजावलंत, "पापणी गं. विमानाला झटक्यात मिटायची, ह्यास्नी निवांत." सुरुवातीला विमानाच्या जागी नुसतं आभाळ यायचं. मग शेपटी यायला लागली. संक्रांतीच्या सुमाराला एक अख्खं विमान आलं, थोडं तिरकं. तुम्ही ते गल्लीत सगळ्यांना दाखवलंत. कॅमेऱ्याच्या कार्डात बाकी काही नाही, आक्का. मी बघितलं. म्हशी आहेत, विमानं आहेत, भावजी आहेत. मनातलं काही सांगून जाणारं असं काहीही नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

आता जे कधी बोलले नाही ते. पडदा वळतो का, मोटर वाजते का, हे सगळं खरं होतं, पण माझं भांडण त्यासाठी नव्हतं. तुम्ही कॅमेरा घेऊन होन्नाटापुढं उभ्या राहणार होतात. पाहुणे तेवढेच येणार होते. मग पोळ्या कोण लाटणार होतं? आत्याबाईंच्यानं आता पाटावरसुद्धा बसवत नाही. स्वाती सासरी, तिच्याही गावची माणसं आपल्याकडंच जेवायला येणार. राहिलं कोण, ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की अर्धा दिवस तू धर कॅमेरा, मी लाटते. मीही मागितला नाही. म्हणणार होतात का? जत्रा जवळ आल्यावर म्हणाला असतात का? मी पुष्कळदा याचं उत्तर हो असं धरून चालते, आणि कधी कधी नाही असंही. तुमचा रागही येतो मग. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण तो येतो, आणि त्यासोबतच तुमची इतकी आठवण येते की हातातलं काम थांबतं.

डोकं दुखतंय म्हणून तुम्ही आडव्या झालात आणि दोन दिवसांत संपलात. मला त्याबद्दल आणखी लिहायचं नाही.

बारावं झाल्यावर आत्याबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "यंदा आपल्यात जत्रा न्हाय. पावणं बोलवायचं न्हाय, पोळी न्हाय, मटण न्हाय. देवीला नारळ शेजारच्यांच्या हातनं जाईल." भावजी मान खाली घालून बसले होते. मी तिथंच बसल्या बसल्या एक गोष्ट मोजली आणि माझी मलाच शरम वाटली. या घराची चूल जत्रेत पहिल्यांदा थंड राहणार. या घरची बाई पहिल्यांदा मोकळी असणार. इतकी साधी तोड होती, आणि ती तुम्ही मरून काढलीत. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात, आणि मी रडले असते.

मोकळी बाई गावाला लगेच दिसते. शेजारच्या शेवंताकाकू आठवड्याभरातच आल्या. तुमचं नाव काढून डोळे पुसले, मग म्हणाल्या, "तुमच्यात यंदा काय न्हाय न्हवं? मग आमच्यात येशील काय पोळ्या लाटायला? लई पावणं हाईत गं. तेवढंच तुझं मनबी रमंल." मनाचं रमणं पोळपाटाशिवाय होत नाही असा एकंदर समज आहे. मी बघते म्हणाले. नाही म्हणायला कारण नव्हतं. घरी काम नाही, ऑफिसला जत्रेची सुट्टी.

आणि मग हा रविवार. बॅटरी चार्ज झाली होती. देवळापुढं रथाची चाकं बसवायचं काम सुरू आहे हे कानावर होतं. मी कॅमेरा उचलला. पिशवीत घालावा म्हटलं, मग वाटलं, पिशवीतला कॅमेरा तर मोबाईलपेक्षा बिनकामाचा. गळ्यात घातला. आत्याबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील ठेव ते. म्हणाल्या, "पट्टा आखूड कर. तिच्या मापाचा हाय तो, तुला पोटापतोर येतोय." मी तिथंच उभी राहून पट्टा आखूड केला. तो करताना मला पहिल्यांदा नीट रडू आलं. त्यांनी दुसरीकडं बघितलं.

देवळापुढं ही गर्दी. बापय माणसं कडं करून चाक उभं करत होती, आणि बायका नेहमीप्रमाणं लांब, शाळेच्या भिंतीपाशी. शेवंताकाकू तिथंच होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन थांबले. तिथून माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि झूम फिरवला. कर्र. पुढच्या एकानं मागं वळून बघितलं. मग त्याच्या पुढच्यानं. पंचांतले पाटीलकाका, जे बाई जवळ आली की हाड हाड केल्यासारखा हात हलवतात, ते चाकाला हात लावून उभे होते. त्यांनी बघितलं आणि ओरडले, "अरं सरका की रं! फोटो घ्यायला आल्यात, दिसत न्हाय व्हय?"

आणि माणसं सरकली, आक्का. दोन्ही बाजूंना. चाकापर्यंत स्वच्छ वाट झाली. पाटीलकाकांनी टोपी सारखी केली.

मागून शेवंताकाकूंचा आवाज आला, "अगं, मग जत्रेत पोळ्या लाटायला न्हाय व्हय यायचीस?"

"न्हाय काकू. मला जत्रेचे फोटो काढायचेत."

त्या माझ्याशी नाही, कॅमेऱ्याशी बोलल्यासारखं "बरं" म्हणाल्या. फक्त बरं. मी आत गेले. रथाचं चाक जवळून माझ्याहून उंच आहे. त्याच्या आऱ्यांना अजून मागच्या जत्रेचा भंडारा आहे, खोबणीत बसलेला, पार काळपट पिवळा. म्हणजे तुम्ही आत पोळ्या करत होतात तेव्हाचा. मी त्याचा फोटो काढला. चांगला आला असावा. कुणी मला विचारलं नाही, घरात स्वयंपाक कोण करतंय.

वाद तुम्ही जिंकलात. मोठाच पाहिजे होता. हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी गर्दीतून जवळजवळ पळतच घरी आले, चप्पल दारात न काढता थेट परसात गेले, आणि "आक्का" म्हणून हाक मारली. चूल विझलेली होती आणि तिच्यापाशी कुणी नव्हतं.